फ्रिजमधल्या सहा बरण्या

बडोद्याहून एका वाचक भगिनीने लिहिले आहे: "आमचे घर दांडिया बाजारात आहे आणि घरात आम्ही चौघे आहोत: सासूबाई, माझे यजमान, दहावीतला मुलगा आणि मी. दिवाळीनंतर यजमान जिमला जाऊ लागले आणि तेव्हापासून घरात बरण्या येऊ लागल्या. साधे पीनट बटर, दाण्याचे तुकडे असलेले, चॉकलेटचे, शिवाय बदामाचे, काजूचे आणि अक्रोडाचे अशा सहा बरण्या आज फ्रिजमध्ये आहेत. सहाही उघडलेल्या, एकही संपलेली नाही. यजमान रात्री फ्रिजसमोर उभे राहून चमच्याने खातात, मुलगा चॉकलेटचे तेवढे चाटून घेतो, आणि सासूबाई (वय ७६, तोंडात कवळी) विचारतात, 'दाण्याचे कूट आपल्या घरात कधी कमी पडले, की ते बरणीतून आणावे?' मला स्वतःला काजूचे आवडले, पण एवढी किंमत पाहून खाताना जीव थोडा होतो. शिवाय या नव्या पदार्थांमुळे घरातल्या वरणभाताला आणि पोळीभाजीला सगळे नाक मुरडू लागले आहेत. या बरण्यांचे काय करावे, हे पदार्थ घरी करता येतील का, आणि रोजच्या साध्या जेवणात पुन्हा गोडी कशी आणावी, हे कृपया सांगावे."

सप्रेम नमस्कार.

सहा बरण्या उघडलेल्या आहेत आणि एकही संपलेली नाही, हे तुमच्या पत्रातले वाक्य मी पुन्हा वाचले, कारण अडचणीचे मूळ मला तिथेच दिसते. हा पदार्थ तुमच्या घरात आला, पण ताटात आला नाही. ज्याला जेवणात ठरलेली जागा नसते ते एक तर उभ्या उभ्या खाल्ले जाते, नाही तर मागे पडून राहते, आणि तुमच्याकडे दोन्ही गोष्टी होत आहेत. तेव्हा बरण्या चांगल्या की वाईट, आपल्या की परक्या, या वादात न शिरता प्रत्येकीला ताटात कुठे बसवता येईल, आणि जिला बसवता येणार नाही तिचे काय करायचे, एवढे आपण पाहू.

एक गोष्ट मात्र आधीच सांगते. काजूचे बटर आवडले असे लिहून लगेच तुम्ही किमतीचा संकोच मांडला आहे. घरातल्या इतरांच्या आवडीच्या बरण्या येतात आणि स्वयंपाक करणारीने मात्र स्वतःच्या आवडीचा हिशेब द्यावा, हे काही बरोबर नाही. त्या काजूकडे पुढे येऊच.

आज दुपारी सहाही बरण्या ओट्यावर काढा आणि प्रत्येकीत स्वच्छ, कोरडा चमचा घालून थोडे थोडे चाखून पाहा. सुरुवात अक्रोडापासून करा. अक्रोडात सुमारे ६५ टक्के स्निग्धांश असतो आणि त्यातला बराचसा बहुअसंतृप्त मेद असतो. ओमेगा-३ गटातल्या ज्या मेदाम्लासाठी अक्रोडाची एवढी शिफारस होते ते याच मेदात असते, आणि हवा, उजेड व उष्णता लागली की हाच मेद सर्वांत आधी बिघडतो. अख्ख्या अक्रोडाला निदान कवच तरी असते. वाटलेल्या अक्रोडाचा कण न् कण उघडा पडलेला असतो. म्हणून जुन्या तेलासारखा किंवा रंगाच्या डब्यासारखा वास आला, घशाशी खवखवले, तर ती बरणी सरळ टाकून द्या. महाग होती म्हणून शिऱ्यात किंवा लाडवात घालून खपवू नका, कारण खवटपणा भाजल्याने जात नाही, उलट सगळा लाडू खवट लागतो. माझे मत विचाराल तर अक्रोडाचे बटर विकत आणूच नये. सालीचा कडसरपणा त्यात उतरतो, मुळातली कुरकुर जाते, आणि चार अक्रोड फोडून खाण्यात जी मजा आहे ती तिथे उरत नाही.

मग बाकीच्या बरण्यांवरची घटकांची यादी वाचा. आपल्याकडच्या नियमाप्रमाणे ती वजनाच्या उतरत्या क्रमाने छापावी लागते, त्यामुळे पहिले दोन-तीन शब्द वाचले तरी बरणीची कुंडली कळते. साध्या पीनट बटरमध्ये शेंगदाणे आणि फार तर मीठ एवढेच असेल तर वर तेलाचा थर जमतो. तो दोष नव्हे, चमच्याने खालपर्यंत ढवळले की सगळे एकजीव होते, आणि बरणी काही दिवस उलटी ठेवली तर तेवढेही कष्ट पडत नाहीत. ज्या बरणीत तेल कधीच वर येत नाही तिच्यात बहुधा हायड्रोजनेटेड (म्हणजे हायड्रोजनची प्रक्रिया करून घट्ट केलेले) वनस्पती तेल किंवा पाम तेल घातलेले असते. तेल वेगळे होऊ नये म्हणून हायड्रोजनेशनची ही युक्ती अमेरिकेत १९२० च्या दशकात रूढ झाली. त्याच देशात पीनट बटर या नावाने विकायच्या पदार्थात किमान ९० टक्के शेंगदाणे असले पाहिजेत असा नियम आहे, आणि खरेदी करताना तुम्हीही तोच मापदंड मनाशी धरायला हरकत नाही. चॉकलेटच्या बरणीत मात्र यादीतला दुसरा शब्द बहुतेक वेळा साखर हाच असतो. ती मिठाई आहे. चिरंजीवांना ती मिठाई म्हणूनच, जेवणानंतर चमचाभर द्या. सकाळचा नाश्ता म्हणून देऊ नका, आणि संपल्यावर दुसरी आणण्याची घाई करू नका.

यजमानांच्या बाबतीत वाद घालण्यापेक्षा आकडे पुढे ठेवावेत. पीनट बटरचे दोन मोठे चमचे म्हणजे सुमारे ३२ ग्रॅम. त्यातून सात-आठ ग्रॅम प्रथिने मिळतात, पण त्यांच्याबरोबर १६ ग्रॅम मेद आणि सुमारे १९० कॅलरी येतात. ३० ग्रॅम कोरड्या तूरडाळीच्या वरणातून साधारण साडेसहा ग्रॅम प्रथिने मिळतात आणि कॅलरी जेमतेम १००. तेव्हा प्रथिनांसाठीच खायचे असेल, तर ज्या वरणाला त्यांनी नाक मुरडले ते या हिशेबात पुढे आहे. शेंगदाण्यातला मेद वाईट नाही, त्यातला मोठा भाग असंतृप्त असतो आणि पोट बराच वेळ भरलेले राहते. पण फ्रिजच्या उजेडात चमच्यावर चमचा चाटताना किती पोटात गेले याचा पत्ता लागत नाही. त्यांना म्हणावे, दिवसाला एक-दोन चमचे खुशाल घ्या, पण बशीत घ्या, बसून घ्या आणि कशाला तरी लावून खा.

त्यासाठी बडोद्यात पावाची गरजच नाही. खाखरा घरोघरी असतो. पातळ, कडक, जिऱ्याच्या खाखऱ्यावर बिनसाखरेचे पीनट बटर हलक्या हाताने पसरून वर लाल तिखट भुरभुरले, की संध्याकाळच्या चहाबरोबर दुसरे काही लागत नाही. गुजराती पद्धतीची, भरपूर मोहन घालून मंद आचेवर दाबून भाजलेली गव्हाची भाखरी तर याहून चांगली, कारण तिचा खुसखुशीतपणा बटरखाली मऊ पडत नाही. तुकड्यांची जी बरणी आहे ती या भाखरीवरच संपवा.

आता सासूबाई. त्यांचे म्हणणे अर्धे बरोबर आहे, आणि उरलेले अर्धे त्यांना मिक्सरच दाखवून देईल. शेंगदाणे भाजून, सोलून मिक्सरमध्ये फिरवले की अर्ध्या मिनिटात कूट होते. तिथे न थांबता मिक्सर चालू ठेवला, तर त्याच कुटाचा आधी ओलसर भुगा होतो, मग गोळा होतो आणि शेवटी चकचकीत, चमच्यावरून ओघळणारे बटर होते. शेंगदाण्याच्या वजनात जवळपास निम्मे तेल असते. दाणा बारीक होत जातो तसे ते पेशींमधून बाहेर पडते आणि उरलेले कण त्यात तरंगू लागतात. सोलापुरी शेंगदाण्याची चटणी कुटता कुटता तिला तेल सुटते तीच ही क्रिया, फक्त शेवटपर्यंत नेलेली. कूट आणि बटर हे एकाच भांड्यातले दोन टप्पे आहेत, तेव्हा सासू आणि मुलगा यांच्यात भांडण लावण्याइतके अंतर त्यांच्यात नाही. मुळात शेंगदाणाच दक्षिण अमेरिकेतून समुद्रामार्गे आपल्याकडे आलेला, त्यामुळे कूट आपले आणि बरणी परकी हा भेदही फार ताणता येत नाही. अर्थात हे सासूबाईंना ऐकवायचे की नाही ते तुम्ही ठरवा.

त्यांना सांगण्याजोगी गोष्ट निराळी आहे. भाजलेले दाणे वाटून लगदा करण्याच्या कृतीचे पेटंट मॉन्ट्रियलच्या मार्सेलस गिलमोर एडसन यांनी १८८४ साली घेतले, आणि पुढे अमेरिकेत बॅटल क्रीक येथील आरोग्यधामात डॉ. जॉन हार्वे केलॉग यांनी असाच पदार्थ आपल्या रुग्णांच्या आहारात आणला. जिमच्या पोरांच्या हाती पडण्याच्या कितीतरी आधी हा आजाऱ्यांच्या पथ्यातला पदार्थ होता. चावण्याचे कष्ट वाचतात, हा त्याचा गुण तुमच्या घरात सर्वांत जास्त कोणाच्या उपयोगाचा असेल, तर तो सासूबाईंच्या. कवळी असलेल्या माणसाला अख्खे दाणे तर सोडाच, कूटही त्रास देते, कारण त्याचे कण कवळीखाली जाऊन हिरडीला टोचतात. गुळगुळीत बटरमध्ये टोचायला काही उरत नाही. मात्र त्याचा घट्ट गोळा टाळ्याला चिकटतो आणि वयस्कर माणसाच्या किंवा लहान मुलाच्या घशात अडकू शकतो, म्हणून ते त्यांना चमच्याने न देता पातळ करून द्यावे.

पातळ करण्याचा उत्तम मार्ग म्हणजे दाण्याची आमटी. तुपात जिऱ्याची फोडणी करून त्यात वाटलेली हिरवी मिरची परता, दोन कप पाणी घाला, मग तीन मोठे चमचे साधे बटर थोड्या कोमट पाण्यात कालवून त्यात सोडा, आणि आमसूल, गुळाचा खडा व मीठ घालून मंद आचेवर पाच-सात मिनिटे उकळा. कुटाची आमटी कितीही घोटली तरी जिभेला किंचित रवाळ लागते. ही लागत नाही. वरीच्या तांदळावर ती वाढून पाहा. बाजारच्या बरणीत काय काय असते म्हणून ती सासूबाईंना उपासाला चालणार नाही, हे उघड आहे. पण घरी सैंधव घालून केलेले बटर एकादशीला चालायला कोणाची हरकत असायचे कारण नाही. पहिली खेप त्यांच्या देखरेखीखालीच करा. दाणे कधी उतरवायचे हे त्यांना वासावरून कळेल, आणि निम्मे यश त्या भाजण्यातच असते.

शेंगदाण्याचे म्हणाल, तर सौराष्ट्रातला खरिपाचा नवा दाणा दिवाळीच्या सुमारास बाजारात येऊ लागतो. हाथीखाना बाजारातून किंवा तुमच्या नेहमीच्या दुकानातून तो दोन-तीन किलो एकदम घेतला तरी चालेल, पण घेताना मूठभर दाणे तळहातावर पसरून नीट पाहावेत, आणि घरी आणल्यावर सुरकुतलेले, काळपट, बुरशीचा डाग असलेले दाणे निवडून टाकावेत. ओलसर जागी साठवलेल्या शेंगदाण्यावर वाढणारी एक बुरशी अफ्लाटॉक्सिन नावाचे विष तयार करते. ते यकृताला घातक असते आणि घरच्या भाजण्याने पुरते नष्ट होत नाही. दाणे खाताना एखादा कडू लागला तर थुंकता तरी येतो, वाटल्यावर तो सगळ्यांत मिसळून जातो. निवडण्याचा कंटाळा करू नये तो एवढ्यासाठी.

पाव किलो दाणे जाड बुडाच्या कढईत मंद आचेवर सतत हलवत दहा-बारा मिनिटे भाजा. साल तडकू लागते, दाणा चिमटीत दाबला की दोन फाकी होतात आणि आतून फिकट बदामी दिसतो, तिथे थांबा. कढईच्या धगीने तो आणखी भाजला जातो, म्हणून लगेच ताटात काढा. पूर्ण गार होऊ न देता कोमट असतानाच फडक्यात चोळून सोला आणि सुपात पाखडा, कारण कोमट दाण्याला तेल लवकर सुटते. भांडे मिक्सरचे लहान, चटणीचे घ्या. मोठ्या भांड्यात एवढेसे दाणे पात्यांभोवती नुसते उडत राहतात. कूट झाले की थांबून कडा खरवडा आणि पुन्हा फिरवा. गोळा होईल तेव्हा आता बिघडले असे वाटेल आणि हात आपोआप पाण्याच्या तांब्याकडे जाईल; तो आवरा. थोडेसे पाणी गेले तरी बटर सैल व्हायच्या ऐवजी घट्ट होते, आणि शिवाय लवकर बुरसते. मध आणि गूळ यांच्यातल्या ओलाव्यानेही ते आवळून येते, त्यामुळे गोड हवेच असेल तर खाताना वरून घ्या. मिक्सर तापला की पाच मिनिटे विसावा द्या. घाई केली तर तो आपोआप बंद पडतो आणि मग उलटा करून तळाचे लाल बटण शोधावे लागते. गोळा मोडून सैल झाला की चिमूट-दोन चिमूट मीठ घालून एकदाच फिरवा. हे बटर कोरड्या काचेच्या बरणीत फ्रिजमध्ये महिनाभर सहज टिकते. हिवाळ्यात ते काही दिवस बाहेर राहिले तरी बिघडत नाही. पारा ४० च्या वर जाणाऱ्या बडोद्याच्या मे महिन्यात मात्र ते बाहेर ठेवूच नका.

आता तुमचे काजू. बटर करायचे तर अख्खा, पांढराशुभ्र काजू घेण्यात काहीच अर्थ नाही, कारण शेवटी तो वाटायचाच आहे. तुकडा काजू स्वस्त मिळतो आणि चवीत उणा नसतो. काजूत तेल शेंगदाण्यापेक्षा थोडे कमी आणि पिष्टमय भाग जास्त, म्हणून त्याचे बटर दाट आणि साखर न घालताही गोडसर होते. तो अगदी हलका भाजा, रंग बदलायच्या आतच उतरवा. गरम फुलक्याला आतून लावून गुंडाळी करून खा, किंवा मटारच्या रश्श्यात गॅस बंद करताना एक चमचा कालवा, म्हणजे साय न घालताही रस्सा भरीव होतो. महिन्याला एक लहान बरणी, आणि ती तुमच्या नावाची, असे घरात सांगून टाका.

बदामाच्या बटरबद्दल माझा उत्साह बेताचाच आहे. त्यात ई जीवनसत्त्व भरपूर असते हे खरे, पण बदामाला तेल सुटायला घरच्या मिक्सरला बराच वेळ झगडावे लागते, आणि इतके करून हाती येणारी चव भाजलेल्या शेंगदाण्यापुढे फिकीच वाटते. असलेली बरणी गरम दुधात वेलदोड्याबरोबर ढवळून संपवा.

याउलट तिळाचे बटर तुमच्या घरी कोणी आणलेले दिसत नाही, आणि खरे तर सगळ्यांत आधी तेच यायला हवे होते. हिवाळ्यात तेलघाणीवर मिळणारे कचरियुं तुम्ही पाहिले असेलच. काळे किंवा पांढरे तीळ गुळाबरोबर घाणीत रगडून, सुंठ आणि गंठोडा, म्हणजे आपले पिंपळमूळ, घालून ते करतात. तेल सुटून ओलसर झालेला तो गडद, गोड आणि मागाहून घशाला ऊब देणारा गोळा ज्याने थंडीत एकदा चाखला, त्याला परदेशी बरण्यांचे फारसे अप्रूप राहत नाही. पाव किलोच घ्या, चाखून घ्या, आणि बाजरीच्या भाकरीबरोबर खा. न सोललेल्या तिळात १०० ग्रॅममागे ९०० मिलिग्रॅमहून अधिक कॅल्शियम असते. त्यातले सगळे अंगी लागत नाही, तरी जे लागते ते कमी नाही. बिनगोडाचे हवे असेल तर तीळ तडतडेपर्यंत भाजून वाटा. दाणा बारीक असल्यामुळे तो पात्यांखालून निसटतो, तेव्हा एखादा चमचा तिळाचे तेल घालावे लागते. पश्चिम आशियात ज्याला ताहिनी म्हणतात त्याच जातीचा हा पदार्थ. तो भोगीच्या भाजीत कुटाच्या जागी घालून पाहा, भाजी अधिक मिळून येते.

यापुढे नवे काही आणायचे तर घरात एवढाच नियम ठेवा, की जुनी बरणी धुऊन पालथी पडल्याशिवाय नवी उघडायची नाही. वेगवेगळे प्रकार चाखण्यात काही वावगे नाही, उलट मजाच आहे; पण सहा चवी एकदम उघड्या असल्या की एकीचीही ओळख होत नाही. नवीन दाणा पहिल्यांदा खाताना थोडाच खावा, आणि कोणाचे ओठ सुजले किंवा अंगावर गांधी उठल्या तर तो पुन्हा न देता डॉक्टरांना दाखवावे. श्वासाला त्रास झाला तर लगेच रुग्णालय गाठावे.

रोजच्या जेवणाचा प्रश्न तुम्ही शेवटी विचारला आहे, पण मला तो याच प्रश्नाला जोडलेला वाटतो. तयार बरणीतली चव बहुधा मीठ, साखर आणि तेल यांनी ठासून भरलेली असते, आणि तिच्यानंतर वरणभात काही दिवस मिळमिळीत लागणारच. दुसरे कारण मात्र स्वयंपाकघरात शोधावे लागते, ते सांगितले तर राग मानू नका. महिन्याभराचे कूट एकदम करून डब्यात भरून ठेवण्याची पद्धत पुष्कळ घरांत आहे. त्या कुटाचा खमंगपणा हळूहळू उडून जातो आणि कोशिंबिरीत ते नुसते भरीला उरते. त्याऐवजी दर चार-पाच दिवसांनी थोडे थोडे दाणे भाजा. निम्म्यांचे कूट करून थांबा, उरलेल्यांचे बटर होऊ द्या. त्याच दिवशी काकडी चोचवून, घट्ट दही, ते ताजे कूट आणि वर हिंग-जिऱ्याची, हिरव्या मिरचीची चरचरीत फोडणी घातलेली कोशिंबीर ताटात वाढा, आणि कोणी काही बोलते का ते पाहा.

वरणाचेही तसेच आहे. डाळ शिजतानाच हळद आणि हिंग पडावा, ती चांगली घोटली जावी, आणि तूप पातेल्यात न पडता वाफेच्या भातावर, ताटात पडावे. लिंबू जेवायला बसल्यावर चिरावे. एवढ्यावर तो भात जिंकतो. कुकर उघडून तासाभराने वाढलेल्या, वर साय धरलेल्या वरणाला दाद मिळाली नाही तर दोष वरणाचा नाही. रोज चार पदार्थ कसेबसे उरकण्यापेक्षा एकच पदार्थ मन लावून करा आणि बाकीचे निःसंकोच साधे ठेवा: एखाद्या दिवशी भरली वांगी, त्यांच्या मसाल्यात कुटाबरोबर चमचाभर बटर कालवलेले, आणि सोबत नुसती भाकरी, एखाद्या दिवशी मऊ भात, मेतकूट, तूप आणि लोणच्याची फोड. दहावीतल्या मुलाला रविवारी सेव-उसळ बाहेर खावीशी वाटली तर खुशाल जाऊ द्या, बडोद्यात राहून तेवढे व्हायचेच.

मात्र गरम पोळ्या वाढायच्या म्हणजे तुम्ही शेवटी एकटीने गार जेवायचे, असा अर्थ या सल्ल्यातून कोणी काढू नये. आठवड्यातून काही दिवस तव्यापाशी दुसऱ्याने उभे राहावे. दहावीतल्या मुलाला लाटलेली पोळी भाजता येणे मुळीच कठीण नाही. आणि यजमानांच्या अंगात व्यायामाचा उत्साह आहेच, तर दाणे चोळणे, पाखडणे आणि मिक्सर सांभाळणे ही कामे त्यांच्याकडे सोपवावीत. आपल्या हाताने पाखडलेल्या दाण्याचे बटर माणूस उभ्या उभ्या इतक्या सहज संपवत नाही.

ताजा कलमात तुम्ही विचारले आहे, की नणंदबाई भरूचहून दर वेळी खारी सिंग, म्हणजे खारे भाजके शेंगदाणे, आणतात, तिचे बटर होईल का. होते, आणि चांगले होते. मिठाच्या पाण्यात मुरवून भडभुंज्याने ती भाजलेली असते, त्यामुळे तुमचा भाजण्याचा टप्पा वाचतो. पुडी उघडून चार दिवस झाले असतील तर दाणे सर्द होतात, ते कढईत दोन-तीन मिनिटे परतून, साल चोळून पाखडून घ्या आणि वरून मीठ अजिबात घालू नका. खाखऱ्याला हे बटर फार छान लागते. सासूबाईंच्या आमटीसाठी मात्र ते घेऊ नका. आमटी खारट होईल, आणि साधे मीठ असल्यामुळे उपासालाही चालणार नाही.